इराचे पाय

दिवाळी अंकांचा वास मला सहन होत नाही. दसरा झाला की जळगावच्या बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाळ्यात ते गठ्ठ्यांनी येऊन पडतात. लोक सुतळी सुटायची वाट बघतात, अंक उघडून नाकाशी धरतात, डोळे मिटतात. मी तोंड फिरवून पुढे जाते. नव्या शाईत आणि ओल्या खळीत एवढं सुख कसलं, असं विचारावंसं वाटतं. विचारत नाही. उत्तर देताना लोक हळवे होतात, आणि हळव्या माणसांची मला भीती वाटते.

आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा. पाऊस पाठ फिरवतो आणि ऊन असं पडतं की जणू मे महिन्यात काही द्यायचं राहून गेलं होतं. कापसाची वेचणी सुरू झालेली असते. गच्च भरलेले ट्रक बाभळींना घासत जातात आणि एरंडोलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काट्यांवर पांढरे पुंजके लोंबत राहतात. दुरून फार सुंदर दिसतं म्हणे. मला त्या दिवसांतलं आठवतं ते कुबडीच्या गादीखाली साचणारा घाम आणि सोललेली काख. पावडर लावा, फडकं गुंडाळा, काही उपयोग नसतो. त्या आगीसकट मी दर आश्विनात एका पुस्तकावर चिडते. पुस्तक शंभरेक पानांचं आहे. मुखपृष्ठावर निळ्या आकाशात लाल यान, आणि यानाच्या खाली यानापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेलं : ‘अपंग बालकांच्या मदतीसाठी’.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पाटबंधारे खात्याच्या नकाशा विभागात ट्रेसर होते. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं धरणं, कालवे, चाऱ्या काढत. त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून मी तेच शाईनं गिरवायची. हात थरथरला की आख्खं कापड वाया. मग त्याच्या अमोनिया प्रिंट निघत, आणि त्या खोलीतून बाहेर पडणारा माणूस रडून आल्यासारखा दिसे. मला काम आवडायचं. उंच स्टुलावर बसलं की माझी उंची इतरांएवढीच होती. उजवा पाय तिसऱ्या वर्षीच पोलिओनं गेलेला, पण टेबलाखाली कोण बघतंय?

दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर एक विज्ञानमालिका लागायची. ‘शततारका’ नावाचं यान, त्यावरचे सात जण, आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह. आज ऐकलं तर कदाचित हसू येईल. यानाचं दार उघडल्याचा आवाज म्हणजे कोणीतरी पत्र्याचा डबा ओढत असणार, हे तेव्हाही कळायचं. पण त्या अर्ध्या तासात आमच्या घरात भाकरी थापायचीसुद्धा कोणाला परवानगी नव्हती. यानावर इरा नावाची यंत्रज्ञ होती. भांडखोर, चुकीचं सांगितलं तर कप्तानालाही उलटून बोलणारी. शेवटच्या भागात इंजिनाच्या खोलीचं दार तिच्या पायांवर कोसळलं, ती ओरडली, संगीत वाजलं आणि मालिका संपली. पुढचा गुरुवार आला तेव्हा त्या वेळेला शेतकऱ्यांसाठी फवारणीची माहिती होती.

माझ्यासारखे चिडलेले बरेच निघाले. एका साप्ताहिकाच्या पत्रव्यवहारात कोणीतरी तक्रार लिहिली, दुसऱ्यानं तिला दुजोरा दिला, आणि धुळ्याच्या नेरकर सरांनी सगळ्यांचे पत्ते गोळा केले. नेरकर सर ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांनी सुचवलं की रडत बसण्यापेक्षा पुढची गोष्ट आपणच लिहू या. एक वही फिरायला लागली, टपालानं. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक फिटर, तिथून जळगावला मी. प्रत्येकानं आपली गोष्ट लिहायची, आधीच्यांच्या गोष्टींवर समासात शेरे मारायचे, वही पुढे धाडायची. फिटरच्या गोष्टींतली यंत्रं अशी खरी असायची की वाचताना हाताला ग्रीस लागल्यासारखं वाटायचं. त्या वहीइतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही, हे मी आजही मान्य करते. मी कोण, कशी, कोणालाच माहीत नव्हतं. पोस्टकार्डावर पाय दिसत नाहीत.

मग सरांचं पत्र आलं. दिवाळीला या गोष्टींचं पुस्तक काढायचं, विकायचं, आणि येणाऱ्या पैशातून खेड्यांतल्या पोलिओ झालेल्या मुलांना कॅलिपर घ्यायचे. दर दिवाळीला एक पुस्तक, दर दिवाळीला कॅलिपर. मालिकेच्या लेखकानंही आनंदानं परवानगी दिली होती. मला कल्पना आवडली, खोटं कशाला बोलू. लोखंडी पट्ट्यांचा तो बूट पायात चढवून पहिल्यांदा घराचा उंबरा ओलांडणं म्हणजे काय, हे त्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं. ते मी कळवलं नाही. गोष्ट पाठवली.

माझ्या गोष्टीत इराचे पाय गेलेले असतात आणि ते परत येत नाहीत. यानावर वजनच नसतं, तर पाय हवेत कशाला? बाकीचे सहा जण भिंतींवर आदळतात, एकमेकांच्या तोंडावर लाथा मारतात. इरा हातांनी दांडे धरत माशासारखी फिरते, जिथे कोणी शिरू शकत नाही त्या नळ्यांत शिरते, दोनदा यान वाचवते. मग एका पुढारलेल्या ग्रहावर तिला नवे पाय देऊ करतात. सगळे तिच्या तोंडाकडे बघत असतात. ती म्हणते, “कप्तान, खाली उतरलात की तुम्ही जड होता. तुम्ही जाऊन या. यान कोणीतरी सांभाळायला हवंच.” आणि ती दार लावून घेते. एवढंच. ती रडत नाही, कोणावर रागावतही नाही. तिला काम असतं.

आठ दिवसांत सरांचं कार्ड आलं. ‘आपली कथा संग्रहात सर्वोत्तम. एक शब्दही बदलण्याची गरज नाही. इरा मला प्रथमच माणूस वाटली.’ ते कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. ऑफिसात ट्रेसिंगच्या कापडाखाली ठेवून वाचलं, एवढं सांगते.

भाद्रपदातल्या एका रविवारी सर जळगावला आले. छपाई जळगावातच करायची होती. आमच्या या वहीमंडळातल्या एकांच्या घरी सगळे प्रथमच भेटणार होते. मी रिक्षातून उतरले, कुबडी टेकली, ओट्याच्या दोन पायऱ्या चढले. दारात सर उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग कुबडी पाहिली, मग पुन्हा चेहरा पाहिला. आणि दुसऱ्यांदा पाहिला तो चेहरा दुसऱ्याच कोणाचा तरी होता. ते आत धावले, खुर्ची घेऊन आले, मला दंडाला धरून बसवलं. मग बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले.

“सिंधूताई, तुम्ही आधी कळवायचं होतंत.”

“काय कळवायचं होतं, सर?”

“हेच.”

त्या दुपारी चहा झाला, पोहे झाले, यानाच्या इंधनावर वाद झाला. मला कोणी काही विचारलं नाही. आठवडाभरापूर्वी समासात ‘सिंधू भारंबे यांचं गणित चुकलं आहे’ असं खडसावणारा फिटर माझी बशी उचलून घेऊन गेला. मी त्या दिवशी मंडळातून वजा झाले आणि देणगीच्या बाजूला जाऊन बसले. मी तिथे खुर्चीवर होते, पण वही माझ्यापर्यंत आली नाही.

छापखाना रशीदचाचांचा होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, लाकडी खणांत शिशाचे खिळे, आणि डोळ्यांवर जाड चष्मा लावून एकेक अक्षर जुळवणारे स्वतः चाचा. छापखाना माझ्या ऑफिसच्या वाटेवर होता, म्हणून प्रुफं तपासायचं काम माझ्याकडे आलं. घटस्थापनेच्या सुमाराला एकदा गेले तर चाचांनी मला बसायला सांगितलं, खणाकडे पाठ फिरवली आणि चष्मा पुसत राहिले.

“बेटी, तुझ्या कहाणीचा शेवट मी दोनदा जुळवला.”

“का?”

“पहिला तुझ्या हातचा होता. मग सरांनी नवीन पान पाठवलं. अक्षर त्यांचं आहे. मला वाटलं, तुला मालूम असेल.” त्यांनी दोन्ही गॅल्या, कच्च्या छपाईचे लांब कागद, माझ्यापुढे ठेवल्या. “मालूम नव्हतं ना? मलाही तसंच वाटलं. तू अशी रडकी लिहीत नाहीस.”

नव्या पानावर इरा नवे पाय स्वीकारत होती. ग्रहावरची मुलं फुलं घेऊन उभी होती. ‘इराने पहिले पाऊल टाकले. तिच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहू लागले. “आज मी पुन्हा माणूस झाले,” ती म्हणाली.’ आणि त्याखाली चौकटीत : ‘या कथेची लेखिका स्वतः अपंग असून नियतीशी हसतमुखाने झुंज देत आहे.’ चौकटीत माझ्या फोटोसाठी जागा सोडलेली होती.

मी वाचलं आणि मला हसतमुख राहता आलं नाही.

दोन दिवसांनी सर प्रुफं न्यायला धुळ्याहून आले. मी रजा टाकून छापखान्यात बसून होते. त्यांचं कार्ड पर्समधून काढून टेबलावर ठेवलं.

“सर, तुम्ही लिहिलं होतं, एक शब्द बदलू नका.”

त्यांनी कार्ड वाचलं. आपलंच अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला. “तेव्हा मला माहीत नव्हतं, ताई.”

“काय माहीत नव्हतं?”

“तुम्ही कुठून लिहिता ते. मला ती कल्पना वाटली होती. आता कळलं की ती वेदना आहे.” ते फार मऊ आवाजात बोलत होते. “कडवटपणा आहे त्यात. मी तुम्हाला दोष देत नाही. पण हे पुस्तक त्या मुलांसाठी आहे. त्यांच्या हातात निराशा द्यायची का?”

“निराशा कुठे आहे? ती यान चालवते.”

“तिला पाय नकोत म्हणते.”

“हो.”

“असं कोणाला वाटेल का? तुम्हीच सांगा. मनावर हात ठेवून सांगा.”

मी मनावर हात ठेवला नाही. म्हटलं, “माझी गोष्ट परत द्या.”

“ताई, आपल्याला कागद ज्यांनी दिलाय, त्या शेठजींनी तुमचीच गोष्ट वाचून दिलाय. हा शेवट वाचून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “एवढासा बदल आहे. कोणाची मुलं चालणार आहेत, याचा विचार करा.”

ह्यावर काय बोलणार? ज्यानं हे वाक्य शोधून काढलं असेल त्याला माझा नमस्कार. त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. मी गप्प बसले, आणि त्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. रशीदचाचा मशीन थांबवून सगळं ऐकत होते. सर गेल्यावर म्हणाले, “काम त्यांचं आहे, मी छापणार. रोटी आहे माझी.” आणि जुन्या शेवटाचं गॅली प्रूफ, तो लांबच लांब कागद, गुंडाळी करून माझ्या हातात दिला. “हे पण मीच छापलंय.”

घरी आईला सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, “अगं सिंधू, शेवट गोडच तर केलाय. त्यात एवढं काय?” मी त्या दिवशी जेवले नाही. माझ्या रागाचं कारण माझ्या आईलाही कळत नव्हतं, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला. पाय नसल्याचं दुःख मला नव्हतंच असं मी म्हणत नाही. पण ते माझं होतं. ते कोणी माझ्या हातून घेऊन, पुसून, साखर लावून माझ्याच नावानं विकावं, हे मला सोसत नव्हतं. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. त्यांनी मला दया दिली.

प्रकाशन धुळ्याच्या एका सभागृहात होतं, दिवाळीआधीच्या रविवारी सकाळी. मी जाऊ नये असं मंडळातल्या कोणालाच वाटलं नाही. उलट न्यायला गाडी आली. पारोळ्यापासून ऊन चढायला लागलं आणि मोटारीत मागे ठेवलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांचा ओला, गोडसर वास डोक्यात भरत गेला. धुळ्याला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते.

स्टेज चार पायऱ्यांचं होतं, कठडा नसलेलं. मी कुबडी टेकून अंदाज घेत होते तेवढ्यात दोन स्वयंसेवकांनी मला न विचारता खुर्चीत बसवून उचललं. सभागृहात टाळ्या वाजल्या. मला उचललं म्हणून टाळ्या. वर बसल्यावर समोरची पहिली रांग दिसली. सात-आठ ते बारा वर्षांची मुलं, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि सगळ्यांच्या पायांत शेठजींच्या आगाऊ पैशातून आलेले नवेकोरे कॅलिपर. चामड्याचा वास स्टेजपर्यंत येत होता. त्यांच्याकडे पाहून क्षणभर मी डळमळले, हे सांगायला हवं. मग सर बोलायला उभे राहिले. म्हणाले की स्टेजवरची पहिली भेट आपण आपल्या लेखिका भगिनीलाच देणार आहोत. शेठजी हातात लाल फीत बांधलेला कॅलिपर घेऊन माझ्याकडे आले. माझ्या पायात माझ्या पगारातून केलेला कॅलिपर होता. तो साडीखाली होता, त्यामुळे कोणी विचारायची तसदी घेतली नव्हती. आणि त्यांनी आणलेला डाव्या पायाचा होता.

फोटोवाला म्हणाला, “ताई, इकडं बघा, जरा हसा.”

मी तो घेतला नाही. माईक खाली ओढला. “माझी गोष्ट पुस्तकात आहे तशी नाही. शेवट वाचते.” आणि पर्समधली गुंडाळी उलगडली. कागद इतका लांब होता की त्याचं टोक जमिनीला टेकलं. मी वाचत गेले. माझा आवाज चांगला नाही. तरी शेवटच्या वाक्यापर्यंत पोचले, इरानं दार लावून घेतलं, आणि मी म्हटलं, “तिला पुन्हा माणूस व्हायची गरज नव्हती. ती होतीच. मीही आहे. मला हे पुस्तक नको आणि तुमचा बूटही नको.”

कोणीतरी चुकून टाळी वाजवली आणि थांबलं. सरांनी माईक हळूच आपल्याकडे वळवला. “ताई जरा भावुक झाल्या आहेत,” ते म्हणाले.

शेठजी माईकपासून दूर होते, पण त्यांचं बोलणं पहिल्या चार रांगांनी ऐकलं असेल. “आम्ही पुण्य मिळवायला आलो होतो मास्तर, बोलणी खायला नाही.” ते जेवणाला थांबले नाहीत.

मला खाली न्यायला कोणी आलं नाही. स्वयंसेवक दुसरीकडे बघत होते. मी कुबडी खाली सोडून दिली, ती खडखडत गेली, आणि पायरीवर बसून एकेक पायरी उतरले, सगळ्यांच्या देखत. नवी साडी होती, तिला धूळ लागली. त्या सकाळी मला लाज वाटली नाही. मी एस.टी.नं एकटी जळगावला आले आणि वाटेत पारोळ्याला भजी खाल्ली.

पुस्तक तरीही खपलं. दिवाळीनंतर मला पत्रं यायला लागली. ‘प्रिय अपंग भगिनी’ अशी सुरुवात असायची. कोणी लिहायचं, तुमची गोष्ट वाचून माझं दुःख किती लहान आहे ते कळलं. एका गृहस्थांनी लिहिलं, मी रोज सकाळी माझ्या दोन्ही पायांना नमस्कार करतो. मी चुलीवर पाणी तापवायला ती पत्रं वापरली. मंडळाचं मात्र त्या सभेनंतर फाटलं. शेठजींनी पुढच्या वर्षीचा कागद नाकारला, सरांच्या मनाला लागलं, चाळीसगाववाल्यांनी सरांची बाजू घेतली, फिटरनं माझी; आणि वही कोणाच्या तरी कपाटात अडकून पडली. दुसरं पुस्तक निघालं नाही. मला त्याचा आनंद झाला. बरीच वर्षं, कधी बोलण्यात विषय निघाला तर मी सांगायची, “ते मी बंद पाडलं.” तोऱ्यातच सांगायची. काही वर्षांनी नेरकर सर गेले. त्यांच्यावर चार ओळी लिहून द्या, असं पत्र आलं. मी दिल्या नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कधीतरी आमच्या ऑफिसनं मला महिनाभरासाठी नरडाण्याला पाठवलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीला पाणी न्यायचं होतं, त्याचे नकाशे जागेवरच हवे होते. तोही ऑक्टोबरच होता. रेल्वे स्टेशनजवळ एका पत्र्याच्या खोलीत एक मुलगी कपडे शिवायची. हाताने फिरवायचं मशीन, जमिनीवर पाट टाकून बसलेली, पाय चटईवर एका बाजूला आवळून घेतलेले. वीस-एकवीस वर्षांची असेल. मी ब्लाउजचं कापड घेऊन गेले तर ती माझ्या कुबडीकडे बघत राहिली. मला वाटलं, आपल्यासारखं कोणी दिसलं म्हणून बघत असेल. आम्ही एकमेकींकडे असं बघतोच.

“तुम्ही त्या पुस्तकवाल्या बाई शेतस ना?” ती म्हणाली. “धुयाले, स्टेजवर?”

तिचं नाव मंगल. त्या सकाळी ती पहिल्या रांगेत होती, नऊ वर्षांची. मी विचारलं, मी काय वाचलं ते आठवतं का?

“नही बा. मी मना नवा बूटकडे दखी ऱ्हायंतू.”

बुटाकडे बघता बघता तिनं काही ऐकलं नव्हतं; पुस्तक मात्र तिच्याकडे होतं. मुलांना एकेक फुकट दिलं होतं. वाचता यायला लागल्यावर तिनं त्यातली माझीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा वाचली होती. शेवटचं पान पाठ होतं. तिनं म्हणून दाखवलं, आनंदाश्रूंसकट. मी तिला मध्येच थांबवलं.

“तो शेवट माझा नाही, मंगल. तो सरांनी लिहिला. माझ्या गोष्टीत तिला पाय नको असतात.”

तिनं मशीनचं चाक सोडलं. थोडा विचार केला. “तुमनं खरं व्हई. पन माले चालनं व्हतं.”

मी जे बारा वर्षं मनात घोळवत होते त्यात ही शक्यता कुठेच नव्हती. माझं भांडण सरांशी होतं, शेठजींशी होतं, आनंदाश्रूंशी होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीला छापलेलाच शेवट हवा असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मीही तिला विचारलं नव्हतं.

“मग? चाललीस?”

“चालनू ना!” तिचा चेहरा उजळला. “शाळामा गऊ. वावरमा गऊ. वरीसभर चालनू.” तिनं हातातला दोरा दातांनी तोडला. “मंग मना पाय वाढनात. बूट नही वाढनात.”

पुढच्या दिवाळीला तिचे वडील तिला खांद्यावर घेऊन धुळ्याला गेले होते. दरवर्षी पुस्तक आणि दरवर्षी नवे बूट, असं सरांनी स्टेजवरून सांगितलं होतं, ते त्यांनी धरून ठेवलं होतं. सभागृहात साड्यांचा सेल लागला होता. वडिलांनी तिथल्या माणसाला विचारलं, त्यानं पिशव्या दाखवल्या. ते तिला घेऊन परत आले. हे सांगताना मंगल हसली, तो सेलवाला कसा बावचळला ते सांगून.

मी म्हटलं, नवे करून घेऊ, मी भुसावळला नेते, माझ्या ओळखीचे आहेत.

“आते काय करू?” ती म्हणाली. “तवय पाहिजे व्हतात.”

मग मी तिला सांगितलं. कोणाला न सांगता आलेली गोष्ट नव्हती ती. शंभर वेळा तोऱ्यात सांगितलेली होती. पण त्या पत्र्याखाली ती पहिल्यांदा वेगळी ऐकू आली. दुसरं पुस्तक निघालं नाही ते माझ्यामुळे, मी तसं बोलले म्हणून शेठजी उठून गेले, म्हणून सगळं थांबलं. घाम कानामागून मानेवर उतरत होता. तिनं काहीही म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

मंगल माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला राग आलेला दिसत नव्हता. ती चक्रावलेली दिसत होती.

“हॉलमा इतला लोक व्हतात,” ती म्हणाली. “बठ्ठा तुमना एक बोलवर घर निंघी ग्यात?”

सगळेच्या सगळे, माझ्या एका बोलण्यावर. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. गळ्यातली टेप काढून ती सरकत पुढे आली आणि म्हणाली, खाली बसा, हात वर करा, माप घेते. मी कुबडी भिंतीला टेकवली, चटईवर बसले आणि हात वर केले.